क्लूनावरची अन्नपूर्णा

आमचे सासरे पद्माकर उमाठे यांनी आयुष्यात अकरा स्मरणिका संपादित केल्या आणि त्यांतली एकही कुणी वाचली नाही. कॉलनीच्या गणेशमंडळाची रौप्यमहोत्सवी, भूमी अभिलेख कर्मचारी संघटनेची, ज्येष्ठ नागरिक संघाच्या तीन, कुठल्याशा वधूवर मेळाव्याच्या दोन. प्रत्येकीत पहिल्या पानावर मंत्र्याचा संदेश, दुसऱ्यावर सासऱ्यांचा शाल पांघरलेला फोटो आणि तिसऱ्यापासून 'परिचय'. त्यांच्या परिचयांत मेलेला प्रत्येक माणूस दानशूर असे आणि जिवंत प्रत्येक माणूस उमदं व्यक्तिमत्त्व. आमच्या लग्नाआधी त्यांनी एका स्मरणिकेत यामिनीला, म्हणजे स्वतःच्या मुलीला, 'गृहकृत्यदक्ष' म्हणून छापलं होतं. तिला तेव्हा चहासुद्धा धड येत नव्हता. ही त्यांच्या संशोधनाची खोली.

फेब्रुवारी २०२० मध्ये ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडला आले. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, नागपुरात एकटे काय करणार, असं यामिनीला वाटलं. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांचा पाहुणा दीड वर्ष मुक्कामाला राहिला. जावई हा दहावा ग्रह असतो म्हणतात. सासरा कितवा, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, कारण लिहिणारे बहुधा सासरेच होते.

आम्ही क्लूनावरला राहतो. एनिसपासून बारा किलोमीटर. यामिनी एनिसच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते, मी शॅननच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो, आणि डब्लिनच्या घरभाड्याला कंटाळून, सासरे यायच्या सहा वर्षं आधी, आम्ही इथे घर घेतलं. क्लूनावरला गाव म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी. एक रस्ता, एक चर्च, दोन पब, आणि एक पेट्रोलपंप, त्यातच किराणा, त्यातच पोस्ट, त्यातच सॉसेज रोल. बंद पडलेली दूध डेअरी. छप्पर उडालेलं जुनं चर्च, ज्यात गाई उभ्या असतात. एक पवित्र विहीर, जिचं पाणी डोळ्यांना चांगलं म्हणे, आणि तिच्याशेजारी पाणी पिऊ नये अशी कौन्सिलची पाटी. माणसं तीनशे. त्यांना हवामानाखेरीज विषय नाही आणि हवामानाला पावसाखेरीज विषय नाही. कसे आहात विचारलं की ग्रँड, घर जळतंय सांगितलं तरी ग्रँड. सहा वर्षांत मी या गावात काही विचारलं नव्हतं आणि माझं काही अडलं नव्हतं.

सासऱ्यांना मात्र पहिल्या आठवड्यातच गावाचा 'परिचय' लिहायची हुक्की आली.

"अभिजितराव, गावाचा लिखित इतिहास आहे का?"

"नाही बाबा. इतिहासच नाही."

"असं कसं? माती आहे म्हणजे इतिहास आहे," ते म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनींचे नकाशे फाइलीत घातले आणि फाइली कपाटात घातल्या, म्हणून मातीवर त्यांचा हक्क.

त्यांच्या इंग्रजीबद्दल एक सांगून ठेवतो. त्यांचं इंग्रजी सरकारी होतं. 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते' छापाचं. आपण या भाषेत पारंगत आहोत याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी यामिनीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "बाबा, कप वरच्या प्रेसमध्ये आहेत." इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आमच्या तोंडातही ते बसलंय. सासऱ्यांनी पंधरा मिनिटं इस्त्री शोधली. सापडल्यावर म्हणाले, "इस्त्रीत कप? काहून बाप्पा?" मग चूक कळली तेव्हा म्हणाले, या लोकांचं इंग्रजी अशुद्ध आहे. चूक त्यांची कधीच नसे. व्याकरणात असेल, भूगोलात असेल, नाहीतर माझ्यात.

मार्चअखेर सरकारने सत्तरीपुढच्या सगळ्यांना घरातच राहायला सांगितलं. सासरे त्र्याहत्तर. मग त्यांचं संशोधनक्षेत्र आमच्या परसापुरतं उरलं, आणि परसाच्या पलीकडे पेग कॉन्सिडाइन होती.

पेगबाई शहाऐंशीच्या. लग्न केलं नाही. त्यांच्या आईचं, डीलियाचं, गावात दुकान होतं आणि त्याच दुकानात पोस्टाची खिडकी. आई वारली, दुकान बंद झालं, त्याचं शटर अजून रस्त्यावर गंजत उभं आहे. सहा वर्षांत मला पेगबाईंबद्दल एवढंच माहीत होतं की त्या कचऱ्याचा हिरवा डबा चुकीच्या मंगळवारी बाहेर काढतात. दोन घरांमध्ये छातीएवढी दगडी भिंत. एप्रिलपासून रोज अकराला पेगबाई त्यांच्या बाजूला खुर्ची टाकून बसायच्या आणि सासरे आमच्या बाजूला. मध्ये भिंत, हातात वही. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, आणि खिडकीतून मला त्यांचा आवाज: "मॅडम, काइंडली रिपीट."

आणि बाई काइंडली रिपीट करायच्या! मला आश्चर्य वाटायचं ते त्यांचं. या बाईशी गावात कुणी दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे, आणि सासऱ्यांशी कुणी बोलतच नसे, फक्त ते बोलत. दोघं जमली. सासरे बेसनाचे लाडू भिंतीवर ठेवायचे, बाई ब्राऊन ब्रेड ठेवायच्या, आणि दोघंही दुसऱ्याचं खाणं घरात नेऊन पक्ष्यांना घालत असणार याची मला खात्री होती. चुकीची निघाली. सासऱ्यांनी ब्रेड खाल्ला. गायीचं तूप लावून खाल्ला.

"कॉन्सिडाइनबाईंची स्मरणशक्ती बघा," ते जेवताना सांगायचे. "आणीबाणीतला प्रत्येक दिवस आठवतो."

"आणीबाणी? इथे कुठली?"

"मीही तेच म्हटलं. पंचाहत्तर सालची का? तर नाही, दुसरं महायुद्ध. इथे युद्धाला आणीबाणी म्हणत." हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की जणू नाव त्यांनीच ठेवलं होतं. "माणशी आठवड्याला अर्धा औंस चहा मिळे. अर्धा औंस! आणि त्या काळात त्यांच्या मातोश्रींनी काय केलं माहीत आहे?"

मी विचारलं नाही. त्यांना न विचारलेलं सांगायची सवय होती, पण तेवढ्यात यामिनीने आमटी वाढली आणि मातोश्री राहिल्या.

सगळं लॉकडाऊन असं गेलं. घरापासून फिरायची मुभा दोन किलोमीटरची पाच झाली, पाचाची वीस झाली, परत पाच झाली. वहीच्या चार वह्या झाल्या. गावाचं एक त्रैमासिक वार्तापत्र निघतं, ते फिनटन हॅसेट नावाचा निवृत्त पोस्टमन काढतो. आठ पानं, त्यांतली तीन श्रद्धांजली, दोन हर्लिंगच्या सामन्यांचे निकाल आणि एक 'कुत्रा हरवला आहे'. सासऱ्यांनी फिनटनला गाठून नाताळ अंकात दोन पानं मिळवली. विषय: क्लूनावर, जीवन आणि इतिहास, एक परिचय. त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. परदेशातली पहिली स्मरणिका.

आता दिवाळीचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथून फुटलं.

दिवाळीत व्हिडिओ कॉल झाला. नागपूरचे नरेंद्रकाका, पुण्याचे माझे आईवडील, एकूण चौदा चौकोन. सासरे मधोमध, कुर्त्यावर जाकीट. गावाचा इतिहास सांगता सांगता ते म्हणाले, "आमच्या अभिजितरावांना अकरा वर्षं झाली या देशात. शेजारणीच्या आईचं नाव विचारा, सांगता येणार नाही. मी आठ महिन्यांत अख्खं गाव उभं केलं. काय आहे, माणसांत मिसळायला नोकरी पुरत नाही, वृत्ती लागते." चौदाही चौकोन हसले. माझा बाप सगळ्यांत मोठ्याने हसला.

मला ते झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. ज्या माणसाला प्रेस कळत नाही, त्याने मला हा देश शिकवावा! त्या दिवसापासून मी त्यांना 'बाबा' म्हणायचं शक्यतो टाळलं.

नोव्हेंबरअखेर यामिनी म्हणाली, "अरे, बाबांचं आर्टिकल चेक करून दे ना. स्पेलिंग वगैरे. फिनटन म्हणे जसं देतील तसं छापतो."

मी लेख घेऊन बसलो. पहिलं पान गाई, विहीर आणि डेअरी. दुसरं पान पूर्ण डीलिया कॉन्सिडाइनवर. मथळा होता 'क्लूनावरची अन्नपूर्णा', आणि अन्नपूर्णा म्हणजे कोण याची चार ओळींची तळटीप. मी वाचायला लागलो आणि तिसऱ्या वाक्याला थांबलो.

पेगबाईंनी भिंतीपलीकडून त्यांना सांगितलं होतं की आई सदा 'गिव्हिंग आऊट' करत असायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दुकानाच्या अर्ध्या दारात उभी राहून. गिव्हिंग आऊट म्हणजे सासऱ्यांच्या सरकारी इंग्रजीत वाटप. दुसरं काय? त्यांच्या लेखी मेलेला माणूस आधीच दानशूर असतो, पुरावा मागाहून येतो. इथे तर शेजारीण स्वतः पुरावा देत होती. म्हणून त्यांनी लिहिलं: कै. डीलियाबाई जातिधर्माचा भेद न पाळता दारावर येणाऱ्या प्रत्येकाला देत. शाळेतून परतणाऱ्या मुलांना देत. खुद्द पाद्रीबाबांनाही त्यांनी सोडलं नाही. आणीबाणीच्या काळात, देशात चहा नव्हता तेव्हा, त्या नेहमीपेक्षाही जास्त देत.

आयर्लंडात गिव्हिंग आऊट म्हणजे तोंडाचा पट्टा सोडणं. खरडपट्टी काढणं. डीलिया कॉन्सिडाइन ही गावाची कजाग बाई होती, आणि आमच्या सासऱ्यांनी तिचं सदावर्त घातलं होतं.

मी एकटाच खोलीत इतका हसलो की लॅपटॉप हलला. आणि मग शेवटचा परिच्छेद वाचला. १९५८ साली एनिसहून एक होतकरू तरुण सायकलवरून कु. पेग यांना भेटावयास आला असता, मातोश्रींनी त्यालाही दारातच इतकं दिलं, इतकं दिलं, की त्याला पुन्हा येण्याची गरज पडली नाही.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. पेगबाईंचं लग्न का झालं नाही ते त्या वाक्यात होतं. सासऱ्यांना ते कळलं नव्हतं, मला कळलं होतं. हेही सांगतो की तो शब्द मला शब्दकोशातून माहीत नव्हता. मी देशात नवा असताना, डब्लिनमधल्या ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात, एक सहकारी म्हणाला होता की रात्रभर बायको गिव्हिंग आऊट करत होती, आणि मी विचारलं होतं, काय वाटत होती? महिनाभर सगळा मजला मला हसला होता.

तर मी तपासलं. मन लावून तपासलं. स्पेलिंगं, स्वल्पविराम, 'द' जिथे नको तिथून काढला, हवा तिथे घातला. त्रेचाळीस चुका काढल्या. ती एक काढली नाही. गाव हसू दे, म्हटलं. वृत्तीवाला माणूस आहे, वृत्तीने घेईल.

डिसेंबरच्या मध्याला अंक दारात पडला. पेट्रोलपंपावर लोक मास्क काढून, वाचून, हसून, डोळे पुसून परत मास्क लावत होते. फिनटनचा फोन आला, आणि तो हसता हसता बोलू शकत नव्हता. "तुझा सासरा अवलिया आहे! सत्तर वर्षांत त्या बाईवर असं कुणी लिहिलं नाही. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता!" गावाची समजूत अशी झाली की हा भारतातला मोठा विनोदी लेखक आहे. ट्रॅक्टरवाले त्यांना पाहून भोंगा वाजवायला लागले. आणि सासरे? ते हात हलवायचे. अंकाच्या तीस प्रती आणून त्यांनी नागपूरला पाठवायच्या पाकिटांवर पत्ते घातले. मला त्यांची फजिती बघायची होती, तर त्यांना ती सत्कार वाटली. अशा माणसाचं करायचं काय?

मला एक गोष्ट मात्र अंकातच कळली. दुसऱ्या पानाच्या तळाशी, स्मरणिकांच्या रिवाजाप्रमाणे, त्यांनी एक ओळ घालायला लावली होती: 'मुद्रितशोधन: श्री. अभिजित खांबेटे (जावई), अकरा वर्षे आयर्लंडस्थित.' उपकाराची फेड म्हणून. मला वाचून कसंनुसं झालं, पण म्हटलं, ती ओळ कोण वाचतो.

त्या दिवसापासून पेगबाई भिंतीपाशी आल्या नाहीत.

सासरे अकराला खुर्ची टाकून बसायचे. पलीकडे पडदा ओढलेला. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी चिवड्याचा डबा भिंतीवर ठेवला. चार दिवस तो पावसात भिजत होता, मग त्यांनीच उचलून आणला.

"कॉन्सिडाइनबाई आजारी आहेत का हो?"

"असतील," मी म्हटलं.

"चौकशी कराल का?"

"करतो." केली नाही.

त्यांचा चेहरा उतरत चालला. बोलणं कमी झालं. खरं तर ही माझ्या घरातली सर्वांत मोठी सुधारणा होती, आणि तरी मला तिचा आनंद घेता येईना. यामिनी म्हणाली, "आई गेल्यानंतर ते असे बसायचे. मग इथे पहिल्यांदा कुणाशी तरी धड बोलायला लागले होते रे."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी आणि ते फिरायला निघालो. डीलियाच्या बंद दुकानापाशी आलो तर शटरवर कुणीतरी लेखाचं दुसरं पान डकवलेलं. 'अन्नपूर्णा' शब्दाखाली लाल रेघ, शेवटच्या परिच्छेदाभोवती चौकट, आणि खाली उंबऱ्यावर एक रिकामा कप, जणू भिकेला ठेवलेला. गावाचा विनोद हा असा. तोंडावर सगळं ग्रँड, आणि म्हातारीच्या दारावर कागद.

सासऱ्यांचे डोळे भरून आले. "लोकांनी लावलंय! स्मारक केलंय, अभिजितराव! माझा एक फोटो काढा." ते शटरला पाठ लावून उभे राहिले, मफलर नीट केला, हसले. मी फोन वर धरला. तेवढ्यात शेजारून एक गाडी हळू झाली. पेगबाईंकडे कामाला येणारी बाई चालवत होती, मागच्या सीटवर पेगबाई. त्यांनी शटर पाहिलं, त्याखाली हसत उभे असलेले सासरे पाहिले, फोटो काढणारा मी पाहिला. सासऱ्यांनी उत्साहाने हात वर केला. पेगबाईंनी मान फिरवली. गाडी गेली.

"त्यांना काय झालं?" ते म्हणाले.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "थंडी आहे, चला."

ते आले नाहीत. चर्चच्या आवारात फिनटन दिसला, त्याच्याकडे गेले. मी दुरून पाहत होतो. फिनटनने त्यांना पाहताच पोट धरलं आणि डीलियाची नक्कल सुरू केली: एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट नाचवत, मास्कमागून तोंडाचा पट्टा. मग सायकलवाल्याची नक्कल, मान खाली घालून पळणाऱ्याची. सासरे बघत राहिले. शब्द कळायला त्यांना दहा महिने पुरले नव्हते, नक्कल कळायला अर्धं मिनिट लागलं.

ते तडक घरी आले. बूटही न काढता टेबलाशी बसून त्यांनी फोनवर काहीतरी शोधलं, वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. मग उठले. "मास्क घ्या. कॉन्सिडाइनबाईंकडे जायचंय. त्या भरभर बोलतील, मला कळणार नाही. तुम्ही सांगा."

कुणाच्या घरी जायची तेव्हा बंदी होती. आम्ही फाटकाबाहेर उभे राहिलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं. पेगबाई कार्डिगन आवळत उंबऱ्यात.

सासऱ्यांनी हात जोडले आणि त्यांच्या त्या सरकारी इंग्रजीत म्हणाले की मॅडम, चूक माझी. मी मूर्ख आहे. मला इंग्रजी येत नाही.

मी चमकून पाहिलं. दोन लेकी, एक बायको, चाळीस वर्षांची नोकरी, अकरा स्मरणिका, आणि हे वाक्य या माणसाने कधी कुणापुढे उच्चारलं नसणार. पुढे ते अडखळत सांगत राहिले की तुम्ही रागावणं म्हणालात, मी दान ऐकलं. मला तसंच ऐकायची सवय आहे. तुमच्या मातोश्रींची चेष्टा माझ्या मनातही नव्हती.

पेगबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "आईचं तोंड वाईट होतं हे मीच तुम्हाला सांगितलं. पण मी ते तुम्हाला सांगितलं होतं, पॅड. गावाला नाही." पॅड! पद्माकरचं त्यांनी केव्हा पॅड केलं होतं, मला पत्ता नव्हता.

आणि मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज बदलला. भरभर, खास इथल्या क्लेअर परगण्याच्या बोलीत. "त्यांना कळलं नाही, ते समजू शकते. परक्या भाषेतला माणूस. पण तुझं नाव आहे त्याच्याखाली. अकरा वर्षं, लिहिलंय तिथे. तू वाचलंस. सायकलचं वाचलंस. तुला सगळं कळलं आणि तू जाऊ दिलंस. माझ्यावर कसला राग होता तुझा? मी तुझं काय केलं होतं?"

काही नाही. त्यांनी माझं काही केलं नव्हतं. त्या माझ्या हिशेबातच नव्हत्या, आणि ते मी त्यांना कुठल्या भाषेत सांगणार होतो?

सासऱ्यांनी माझ्या बाहीला हात लावला. "काय म्हणतात त्या?"

खोटं तयार होतं ओठांवर. तुम्हाला माफ केलं म्हणतात, म्हणून संपलं असतं. पण पेगबाई दारात उभ्या होत्या आणि त्या मराठी न कळताही माझं खोटं ओळखतील अशी मला भीती वाटली. मी म्हटलं, "चूक तुमची नाही म्हणतात. माझी आहे म्हणतात. मला तो शब्द माहीत होता."

सासऱ्यांनी मान हलवली. पेगबाईंना पुन्हा हात जोडले. दार लावलं गेलं, आपटलं नाही.

आमच्या फाटकापर्यंत वीस पावलं. मी म्हटलं, "बाबा, मी…"

"ठाऊक होतं मले," ते म्हणाले. शुद्ध भाषा गळून पडली होती. "फिनटनपाशी उभा होतो तवाच समजलं. अकरा वर्षं राहिलेल्या माणसाले हा शब्द ठाऊक नाही, असं होते का कुठं?" मग थांबून, मास्क नीट करून, नेहमीच्या आवाजात: "यामिनीला बोलू नका. तिला तुमचा फार आदर आहे. तो राहू द्या. मी काय, विमान सुरू झालं की जाईन."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्यांना उत्तरं तयार ठेवली होती, दिवाळीपासून साठवलेली, एकेक धारदार. एकाचाही उपयोग झाला नाही. घरात शिरताना त्यांनी दार माझ्यासाठी धरून ठेवलं, जावयासाठी धरतात तसं.

त्याच दुपारी ते परत बाहेर पडले. शटरवरचा कागद त्यांनी स्वतः ओल्या फडक्याने खरवडून काढला. तासभर लागला. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरने भोंगा वाजवला, त्यांनी वळून पाहिलं नाही.

फेब्रुवारीत फिनटनने जादा पान काढलं. त्यात सासऱ्यांचं शुद्धिपत्र होतं. गेल्या अंकातील मजकूर लेखकाच्या भाषेच्या अज्ञानामुळे सर्वस्वी चुकीचा छापला गेला असून, कै. डीलिया कॉन्सिडाइन यांच्याविषयी लेखकास काहीही माहिती नाही, आणि कु. पेग कॉन्सिडाइन या लेखकाच्या स्नेही आहेत, हा त्यांचा मान समजावा. खाली एकच नाव. मुद्रितशोधनाची ओळ नव्हती. एवढ्या मजकुरात मी उभ्या उभ्या नऊ चुका मोजल्या. ते पान मला दाखवलं नव्हतं.

त्या नऊ चुकांना गावात कुणी हसलं नाही. मार्चमध्ये पेगबाईंनी खुर्ची बाहेर आणली. अकराला मी खिडकी लावून घ्यायचो. माझ्याशी त्या अजून बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही.

फेब्रुवारीत ते पान निघालं त्या संध्याकाळी यामिनी ड्यूटीवरून आली तेव्हा ते टेबलावर होतं. तिने कोट न काढता वाचलं.

"काय रे हे, किती स्पेलिंग मिस्टेक्स. बाबांनी तुला का नाही दाखवलं?"

"मला वेळ नव्हता," मी म्हटलं.

"मागच्या वेळी किती नीट तपासून दिलं होतंस तू. ते नरेंद्रकाकांना सांगत होते फोनवर, जावई असावा तर असा." तिने पान घडी करून बाजूला ठेवलं. "चहा घेणार का?"

मी हो म्हटलं.